जुने घर घेताना दुरुस्तीचे नियोजन आणि पैशाची तजवीज

तीस-पस्तीस वर्षे जुन्या सोसायटीतील सदनिका पाहून आलेला खरेदीदार बहुधा दोनच आकडे मनात घोळवत असतो: मालकाने सांगितलेली किंमत आणि बँकेकडून मिळू शकणारे कर्ज. ते घर राहण्याजोगे करायला लागणारा खर्च हा तिसरा आकडा असतो, आणि तो किल्ल्या हातात आल्यावर पाहू, असे म्हणून मागे ठेवला जातो. पहिल्यांदा घर घेणाऱ्यांची सर्वाधिक ओढाताण याच एका गोष्टीमुळे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. दुरुस्तीचा खर्च हा घराच्या किमतीचाच भाग आहे आणि तो विसार देण्यापूर्वी मांडला गेला पाहिजे; कारण बँक घरासाठी जितक्या सहजपणे पैसे देते, तितक्या सहजपणे ती दुरुस्तीसाठी देत नाही.

हा लेख पुणे, मुंबई किंवा महाराष्ट्रातील इतर शहरांत सहकारी गृहनिर्माण संस्थेतील जुनी सदनिका पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी लिहिला आहे. वाडा, बंगला किंवा गावाकडचे घर यांतील पाहणी पुष्कळशी अशीच असली, तरी त्यांची कागदपत्रे आणि परवानग्या वेगळ्या असतात.

पहिली पायरी: सोसायटीच्या कार्यालयात चौकशी

घर आवडले की दुसऱ्या भेटीत सोसायटीच्या सचिवांची गाठ घ्यावी आणि पहिला प्रश्न पुनर्विकासाचा विचारावा. राज्य शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५१ टक्के सभासदांच्या संमतीने पुनर्विकासाचा निर्णय होऊ शकतो. सर्वसाधारण सभेत तो विषय चर्चेला आला असेल, वास्तुविशारद नेमला गेला असेल किंवा विकासकांकडून प्रस्ताव मागवले असतील, तर आपण स्वयंपाकघरात बसवलेला ग्रॅनाइटचा ओटा तीन-चार वर्षांत इमारतीसह पाडला जाण्याची शक्यता धरावी लागते. अशा घरात पाणी, वीज आणि रंग एवढेच करून राहावे. उलट पुनर्विकासाचे नावच नसेल, तर पुढची पंधरा-वीस वर्षे टिकेल असे काम करणे परवडते. एकाच घराचा दुरुस्तीखर्च या एका उत्तराने दोन लाखही ठरू शकतो आणि बारा लाखही.

दुसरा प्रश्न संरचनात्मक परीक्षणाचा, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटचा. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार) १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे परीक्षण दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीचे दर ३ वर्षांनी व्हायला हवे. शेवटचा अहवाल वाचायला मागावा. त्यात मोठी दुरुस्ती सुचवलेली असेल आणि ती झालेली नसेल, तर तिच्या वर्गणीचा बोजा नव्या सभासदावर, म्हणजे आपल्यावर येणार आहे. दुरुस्ती निधीत आणि सिंकिंग फंडात (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीत) किती रक्कम शिल्लक आहे, हेही त्याच वेळी विचारावे, कारण निधी रिकामा असलेल्या सोसायटीत गच्चीच्या गळतीचे काम निघाले की प्रत्येक सदनिकेकडून एकरकमी पैसे मागितले जातात.

भोगवटा प्रमाणपत्र, अभिहस्तांतरण (जमीन व इमारत सोसायटीच्या नावे झाल्याचा दस्त), भागदाखला (शेअर सर्टिफिकेट), मालकीच्या साखळीतील सर्व नोंदणीकृत करारनामे आणि त्यांची सूची क्रमांक २ (नोंदणीचा उतारा, म्हणजे इंडेक्स-टू), ही कागदपत्रे वकिलाकडे द्यावीत. जुन्या इमारतींच्या बाबतीत बँक बहुधा इमारतीचे उर्वरित आयुष्यही पाहते आणि ते कर्जाच्या मुदतीपेक्षा अधिक असल्याचे अभियंत्याचे प्रमाणपत्र मागू शकते. हे प्रमाणपत्र मिळेल का, याची चौकशी विसार देण्याआधी झालेली बरी.

दुसरी पायरी: घराची पाहणी

पाहणीला स्वतःबरोबर एक स्थापत्य अभियंता न्यावा. त्याचे शुल्क सदनिकेच्या किमतीपुढे अगदी किरकोळ असते, तरीही लोक नेमके तेच वाचवतात, याचे मला नेहमी वाईट वाटते. शक्य असेल तर पावसाळ्यात, निदान जोराचा पाऊस होऊन गेल्यावर दोन दिवसांत, एक फेरी मारावी. कारण जूनपूर्वी दिलेला ताजा रंग जी ओल झाकतो, ती जुलैत लपत नाही.

सांगाड्यापासून सुरुवात करावी. इमारत आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटच्या) सांगाड्याची आहे की भारवाही भिंतींची, हे आधी समजून घ्यावे. भारवाही बांधकामात वरच्या मजल्यांचे वजन भिंतींवरच असते, म्हणून तिथे दोन खोल्यांची मिळून एक खोली करण्याचा बेत सोडून द्यावा. आरसीसी इमारतीत खांब आणि तुळया न्याहाळाव्यात. खांबाच्या लांबीला समांतर जाणारी भेग आणि तिच्या कडेला तांबूस डाग, हे आतल्या सळया गंजत असल्याचे लक्षण आहे: गंजलेली सळई फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडून बाहेर काढते. गिलाव्यातील केसासारख्या बारीक, वेड्यावाकड्या भेगा मात्र बहुतेक वेळा वरवरच्या असतात. छताचे काँक्रीट सुटून सळई उघडी पडली असेल, तर रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी आणि कार्बोनेशन या काँक्रीटची ताकद आणि आतली अवस्था तपासणाऱ्या चाचण्या करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नंतर पाणी पाहावे, आणि यासाठी पुरेसा वेळ काढावा. जुन्या सदनिकांमध्ये न्हाणीघर आणि शौचालयाचा स्लॅब खाली उतरवून त्या खळग्यात विटांचे तुकडे व कोबा भरलेला असतो. वरची फरशी स्वच्छ दिसत असली, तरी या भरावात वर्षानुवर्षे पाणी मुरलेले असू शकते आणि त्याचा पुरावा आपल्या घरात नव्हे, तर खालच्या घराच्या छतावर असतो. म्हणून खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांना विनंती करून त्यांच्या न्हाणीघराचे छत पाहून यावे. त्यांच्याशी झालेल्या दहा मिनिटांच्या बोलण्यातून विक्रेत्याने न सांगितलेल्या पुष्कळ गोष्टी कळतात, आणि पुढे तोडफोडीच्या दिवसांत हीच ओळख उपयोगी पडते. संडास, मोरी, सिंक यांच्यामुळे होणारी गळती ही उपविधींप्रमाणे त्या त्या सभासदाची जबाबदारी असते. पावसाच्या पाण्यामुळे, सामाईक नळवाहिनीमुळे किंवा गच्चीमुळे होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. आपल्या छतावरचा डाग या दोहोंपैकी कशामुळे आहे, हे ठरल्याशिवाय तो खर्च कोणाच्या खात्यात मांडायचा, ते ठरत नाही.

भिंतीतील नळ जी.आय. (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचे असतील तर ते बदलावे लागतील, असे धरूनच चालावे. हे पाइप आतून गंजून अरुंद होतात. सकाळी नळाला पहिले पाणी लालसर येणे आणि टाकी भरलेली असतानाही धार बारीक असणे, ही त्याची खूण. हल्ली त्या जागी सीपीव्हीसी (एक प्रकारच्या प्लास्टिकचे) पाइप टाकतात. बाहेरच्या भिंतीवरील सांडपाण्याचे उभे पाइप सामाईक असतात आणि ते बदलणे सोसायटीचे काम आहे, पण आपल्या घरातून त्यांना मिळणारा जोड सडलेला असेल, तर आतले नवे कामही लवकरच खराब होते.

विजेच्या बाबतीत तीन गोष्टी पाहाव्यात. वायरिंग अ‍ॅल्युमिनियमचे आहे की तांब्याचे, अर्थिंग जिवंत आहे का, आणि महावितरणच्या किंवा मुंबईतील संबंधित वीज कंपनीच्या बिलावर मंजूर भार किती आहे. दोन पंखे, चार दिवे आणि एक फ्रिज एवढ्यासाठी केलेल्या वायरिंगवर आज दोन एसी, गिझर, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन चालवणे धोक्याचे आहे. सर्वसाधारणपणे दिव्यांसाठी १.५, प्लगसाठी २.५ आणि गिझर-एसीसाठी ४ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर घेतात. जुना फ्यूज बोर्ड काढून प्रत्येक मंडलासाठी (सर्किटसाठी) एमसीबी, म्हणजे भार वाढताच बंद होणारे बटण, आणि माणसाला जीवघेणा धक्का बसू नये म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवावा. घरात दुसरे काही बदलायचे नसले, तरी हा खर्च टाळू नये.

वाळवीसाठी दारांच्या चौकटी आणि भिंतीतील लाकडी कपाटे बोटाने ठोकून पाहावीत. पोकळ आवाज आला तर आत काही उरलेले नसते. जुन्या मोझॅक फरश्या मात्र घाईने उखडू नयेत. घासून पॉलिश केल्यावर त्या उत्तम दिसतात, तोडफोड वाचते आणि इमारतीवर वजनही वाढत नाही. जुन्या फरशीवरच ५० मिलिमीटर मसाल्याचा थर देऊन नव्या टाइल बसवल्या, तर दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो वजन त्या जुन्या स्लॅबवर चढते आणि प्रत्येक दार खालून कापावे लागते, ते वेगळेच.

तिसरी पायरी: अंदाजपत्रक

पाहणीनंतर कामांची यादी तीन गटांत करावी. पहिल्या गटात राहायला जाण्यापूर्वी झालीच पाहिजेत अशी कामे: संरचनेची दुरुस्ती, जलरोधन, नळ, सांडपाणी आणि वायरिंग. दुसऱ्या गटात भिंती फोडायच्या असतील तेव्हाच केली तर स्वस्त पडणारी कामे, उदाहरणार्थ खिडक्या, न्हाणीघराच्या टाइल, ओटा, एसीचे पाइप. तिसऱ्या गटात नंतर केव्हाही करता येणारे सगळे: कपाटे, छताचे पीओपी, बैठकीची सजावट, मॉड्युलर ट्रॉल्या. पैसे कमी पडले तर तिसरा गट पुढे ढकलायचा आणि पहिल्या गटात काटछाट करायची नाही. प्रत्यक्षात बहुतेक घरांत याच्या उलट घडते. सुतारकामाला आगाऊ रक्कम दिली जाते आणि न्हाणीघराचे जलरोधन ‘सध्या ठीक आहे’ म्हणून राहून जाते. मग दोन पावसाळ्यांनंतर खालच्या शेजाऱ्यांची तक्रार आली की नव्या टाइल फोडाव्या लागतात.

किमान दोन, जमल्यास तीन कंत्राटदारांना घर दाखवून लेखी दरपत्रक घ्यावे. ‘एकूण सहा लाखांत करून देतो’ असे ठोक बोलणे उपयोगाचे नाही. प्रत्येक कामाचे माप, मापाचे एकक, दर, दरात साहित्य धरले आहे की फक्त मजुरी, साहित्य कोणत्या प्रतीचे, राडारोडा वाहून नेण्याचा खर्च कोणाचा आणि १८ टक्के जीएसटी दरात आहे की वेगळा, हे सारे ओळीओळीने लिहिलेले असावे. तीनही दरपत्रके समोर ठेवल्यावर कोणी काय गाळले आहे, ते लगेच दिसते. आलेल्या बेरजेत मी स्वतः १५ ते २० टक्के रक्कम अनपेक्षित कामांसाठी वाढवतो, कारण गिलावा उतरवल्याशिवाय जुन्या भिंतीत काय आहे, ते कोणालाच सांगता येत नाही.

चौथी पायरी: स्वतःजवळ किती रोकड लागेल

येथे एक उदाहरण सविस्तर मांडतो. पुण्यात ७० लाख रुपयांची जुनी सदनिका घ्यायची आहे, असे समजू. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार गृहकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या मूल्याच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांदरम्यान ८० टक्के आणि त्याहून अधिक असेल तर ७५ टक्के एवढीच कमाल मर्यादा आहे. म्हणजे येथे कर्ज जास्तीत जास्त ५६ लाख आणि स्वतःचे १४ लाख. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी या मूल्यात धरली जात नाही, ती खिशातूनच भरावी लागते. शिवाय बँक करारातील किंमत आणि तिच्या मूल्यांकनकाराने काढलेली किंमत यांतील कमी असलेली धरते, आणि जुन्या घराचे मूल्यांकन कमी येणे मुळीच दुर्मिळ नाही.

पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार (मुंबईत ६ टक्के, घर केवळ महिलेच्या नावावर घेतल्यास १ टक्का सवलत). रेडी रेकनरची (सरकारी दराने येणारी) किंमत करारापेक्षा जास्त असेल तर शुल्क त्या किमतीवर लागते. नोंदणी फी कमाल ३० हजार. दलाली १ टक्का धरली तर ७० हजार. सोसायटीचे हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) महानगरपालिका क्षेत्रात २५ हजारांपेक्षा अधिक घेता येत नाही. वकील, बँकेचे प्रक्रिया शुल्क आणि सामानाची वाहतूक धरून स्वतःची रक्कम साधारण २१ लाखांवर जाते, आणि एकही वीट हललेली नसते. त्यावर दुरुस्तीचे ९ लाख आले की ३० लाख. घराची किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असल्यास विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या वतीने आधीच कापायचा प्राप्तिकर) कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. हा खर्च नव्हे, पण विसरल्यास व्याज आणि दंड लागतो.

काम चालू असताना राहते घर सोडता येत नाही, म्हणून दोन-तीन महिने भाडे आणि हप्ता दोन्ही भरावे लागतात. ५६ लाखांचा २० वर्षांचा हप्ता ८.५ टक्के दराने सुमारे ४८,६०० रुपये होतो. दोन महिन्यांचे काम चार महिने चालले, तर हा दुहेरी भार किती वाढेल, ते आधीच लिहून ठेवावे.

पाचवी पायरी: दुरुस्तीसाठी कर्ज

बहुतेक बँका आणि गृहवित्त कंपन्या घरदुरुस्तीसाठी वेगळे कर्ज देतात. त्याचा दर गृहकर्जाच्या जवळपास असतो आणि तारण तेच घर असते. त्यासाठी वास्तुविशारद किंवा अभियंत्याच्या सहीचे अंदाजपत्रक लागते आणि रक्कम कामाच्या प्रगतीनुसार टप्प्याटप्प्याने मिळते, म्हणून पहिल्या टप्प्याचे पैसे जवळ असलेच पाहिजेत. गृहकर्जाचा अर्ज करतानाच या कर्जाबद्दल विचारावे, म्हणजे उत्पन्नाची पात्रता एकदाच तपासली जाते. टॉप-अप कर्ज (चालू गृहकर्जावर वाढवून मिळणारी रक्कम) सोयीचे असते, पण ते साधारणपणे काही हप्ते वेळेवर फेडल्यानंतर मिळते. ताबा मिळाल्याबरोबर सुरू करायच्या कामासाठी त्यावर विसंबू नये.

वैयक्तिक कर्ज महाग असते म्हणून ते सरसकट वाईट मानले जाते. मुदतीचा हिशेब मात्र थोडा निराळा आहे. ६ लाख रुपये ९ टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ७,६०० आणि एकूण व्याज ३ लाख १२ हजार होते. तेच ६ लाख १३ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता १३,६५० च्या आसपास आणि व्याज २ लाख १९ हजार. आणि ९ टक्क्यांचेच कर्ज ५ वर्षांत फेडले, तर हप्ता १२,४५० च्या जवळ आणि व्याज केवळ दीड लाखाच्या आत. म्हणून माझा सल्ला असा की दुरुस्तीचे कर्ज तारणावरचेच घ्यावे, हप्ता झेपेल इतकी मुदत ठेवावी, पण हाती पैसे येतील तसे ते लवकर फेडावे. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तींकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, याचा पुरेपूर उपयोग करावा.

एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. करारात घराची किंमत फुगवून लिहा म्हणजे कर्ज जास्त मिळेल आणि दुरुस्तीही त्यात भागेल, असे सुचवणारे लोक भेटतात. ही बँकेची फसवणूक आहे. शिवाय मुद्रांक शुल्क वाढते आणि न मिळालेल्या पैशांवर विक्रेत्याला कर लागू शकतो.

प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या खरेदीकर्जावरील व्याजाची वजावट वर्षाला २ लाखांपर्यंत मिळते, तर दुरुस्तीच्या कर्जावरील व्याजाची मर्यादा त्याच २ लाखांच्या आत ३० हजार आहे. दुरुस्तीकर्जाच्या मुद्दलाची वजावट मिळत नाही. नव्या पद्धतीत राहत्या घरासाठी ही वजावट नाही. तरीही कायमस्वरूपी सुधारणांची बिले जपून ठेवावीत, कारण पुढे घर विकताना भांडवली नफा काढताना तो खर्च दाखवता येतो.

सहावी पायरी: किमतीची बोलणी आणि विसार पावती

अभियंत्याचा अहवाल आणि दरपत्रक हाती असेल, तर बोलणी मुद्द्याची होते. येथे अनेकांची एक चुकीची समजूत असते. किंमत २ लाखांनी उतरली म्हणून दुरुस्तीसाठी २ लाख मोकळे होत नाहीत. ८० टक्के कर्ज घेणाऱ्याचे कर्ज १ लाख ६० हजारांनी घटते आणि हातात फक्त ४० हजार अधिक मुद्रांक शुल्काचे १४ हजार, असे ५४ हजार उरतात. रोकड कमी असेल, तर सोसायटीची थकबाकी आणि जाहीर झालेल्या मोठ्या दुरुस्तीची वर्गणी विक्रेत्याने भरावी, अशी अट जास्त उपयोगी पडते. विसार पावतीत कर्ज मंजूर न झाल्यास किंवा कागदपत्रांत दोष निघाल्यास विसार परत मिळेल, हे स्पष्ट लिहून घ्यावे.

सातवी पायरी: परवानगी आणि काम

रंग, फरशी, नळ, वायरिंग अशा नेहमीच्या दुरुस्तीला साधारणपणे महापालिकेची परवानगी लागत नाही, पण सोसायटीला लेखी कळवून संमती घ्यावी लागते. अनेक सोसायट्या परत मिळणारी अनामत रक्कम आणि कामाच्या वेळा ठरवून देतात. खांब, तुळई, स्लॅब, भारवाही किंवा बाहेरची भिंत यांना हात लावायचा असेल, तर महापालिकेची परवानगी आणि परवानाधारक अभियंत्याची देखरेख अपरिहार्य आहे. न्हाणीघराची जागा हलवून ते खालच्यांच्या स्वयंपाकघरावर किंवा झोपण्याच्या खोलीवर आणू नये.

कामाचा क्रम तोडफोड, नळ आणि विजेचे चर, गिलावा, जलरोधन, फरशी, सुतारकाम आणि शेवटी रंग असा असतो. गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारलेच पाहिजे. जलरोधनानंतर टाइल बसवण्याआधी न्हाणीघरात ४८ तास पाणी साठवून ठेवावे आणि खालच्या घराचे छत कोरडे राहते का, ते शेजाऱ्यांना बरोबर घेऊन पाहावे. आमच्या घरी ही चाचणी एका दिवसावर उरकली गेली आणि मोरीच्या कोपऱ्यातून झिरपणारे पाणी तीन आठवड्यांनी, फरशी बसल्यावर, खाली उतरले. दुसऱ्यांदा केलेल्या त्या कामाला पहिल्यापेक्षा जास्त पैसे लागले.

पैसे कामाच्या टप्प्यांना बांधावेत: सुरुवातीला १० ते १५ टक्के, मग प्रत्येक टप्पा तपासून त्याची रक्कम, आणि १० टक्के एक पावसाळा उलटेपर्यंत राखून. ही अट करारात आधीच लिहिलेली असेल, तर शेवटी वाद होत नाही. चर बुजवण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे मोजपट्टी धरून छायाचित्र काढावे आणि पाइप-वायरचा मार्ग दाखवणारी ही छायाचित्रे बिले, हमीपत्रे व दरपत्रकांबरोबर एकाच फाइलमध्ये ठेवावीत. पुढे भिंतीत एखादा खिळा ठोकायचा असला, तरी ती फाइल उघडावी लागते.